अर्कांच्या लेखात एक वाक्य राहून गेले

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लठ्ठपणा आणि फॅटी लिव्हरवर गुणकारी वनस्पतींच्या अर्कांविषयी कालच्या पुरवणीत आलेला लेख मी दोनदा वाचला. कुटकी, हळद, दारुहळद, ग्रीन टी, गार्सिनिया अशी सगळी नावे त्यात आली; पण अर्क घेत असाल तर डॉक्टरांना तसे सांगा, एवढे एक वाक्य कुठेच आले नाही.

दोन वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या बहिणीच्या सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघाले. वजन उतरवा, असे डॉक्टरांनी बजावले आणि तिने कुणाच्या तरी सांगण्यावरून ग्रीन टी व गार्सिनियाच्या अर्काच्या कॅप्सूल सुरू केल्या. दोन महिन्यांत डोळे पिवळे झाले आणि साधारण चाळीसच्या आत असायला हवे ते एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारे एन्झाइम, अकराशेच्या वर गेले. काही औषध चालू आहे का, असे रुग्णालयात तीनदा विचारले गेले आणि ताईने तिन्ही वेळा रक्तदाबाच्या गोळीचे नाव सांगितले. मी घरून औषधांचा डबाही नेला होता, पण ती बाटली त्यात नव्हतीच. काविळीच्या नेहमीच्या कारणांच्या एकेक तपासण्या निर्दोष येत गेल्या आणि पाचव्या दिवशी ताईच्या घरी चहा टाकताना साखरेच्या डब्याला टेकवून ठेवलेली ती बाटली मला दिसली. ताई म्हणाली, "अगं, ते औषध कुठे आहे, झाडपाल्याचंच आहे ते." कॅप्सूल बंद केल्यावर यकृत पूर्ववत व्हायला अडीच महिने लागले.

ताई काही लपवत नव्हती. तिला ते खरोखरच औषध वाटत नव्हते, आणि तुमचा लेख वाचणाऱ्यालाही वाटणार नाही. गार्सिनिया हा आपल्या कोकमाचा भाऊबंद आहे, हे लेखातले विधान खरे आहे. पण केरळात माशाच्या कालवणात पडणारे त्या फळाचे दोन तुकडे वेगळे आणि त्यातले आम्ल काढून भरलेली कॅप्सूल वेगळी. चहाचेही तेच. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये स्पष्ट केले की, नेहमीसारखा करून प्यायलेला ग्रीन टी सहसा सुरक्षित असतो, परंतु पूरक गोळ्यांतून त्यातले ईजीसीजी हे द्रव्य दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा अधिक पोटात गेले की यकृताची एन्झाइम वाढू लागतात. आणि एवढे करून वजन तरी उतरते का? अमेरिकेत १३५ जणांवर बारा आठवडे झालेल्या आणि १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गार्सिनिया घेणारे आणि नुसती औषधविरहित गोळी घेणारे यांच्यात फरक आढळला नव्हता. गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद तर २०२० मध्ये आपल्या मुंबईतच झाली. लेखात तिचा उल्लेखही नसावा, याचे मला फार वाईट वाटले.

याच लेखाशेजारी चरबी वितळवणाऱ्या अर्काची पाव पान जाहिरात होती. १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्याच्या परिशिष्टात लठ्ठपणाचे नाव आहे, म्हणजे तो बरा करण्याचा दावा करणारी औषधाची जाहिरात छापताच येत नाही. आपल्या जाहिरात विभागाने ते परिशिष्ट एकदा वाचावे.

राहून गेलेले वाक्य येत्या रविवारी त्याच पानावर, तेवढ्याच ठळक अक्षरांत छापावे, ही विनंती.

आपली,
एक नियमित वाचक, सातारा