44व्या घटनादुरुस्तीचे राहिलेले कलम

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दरवर्षी 12 जानेवारीला आपण चार हुतात्मा पुतळ्यांना हार घालतो. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना 1931 साली याच दिवशी येरवड्यात फाशी झाली. त्याआधी, मे 1930 मध्ये, सोलापुरात लष्करी कायदा लागला होता. सरकारने माणसाला किती दिवस आणि कुणाला विचारून कोंडावे, हा प्रश्न या गावाला नवा नाही.

मी कोर्टाबाहेर बरीच वर्षे टायपिंग केले. एकदा एक विडी कामगार बाई मुलाच्या स्थानबद्धतेचा, म्हणजे खबरदारी म्हणून कोंडून ठेवण्याचा, आदेश घेऊन आल्या. तंबाखूचा वास मुरलेल्या पिशवीतून कागद काढून त्यांनी एवढेच विचारले, "पुढची तारीख कधी?" तारीख नव्हतीच, कारण खटलाच नव्हता. मुलगा काही साधू नव्हता, आणि गुंडांचा बंदोबस्त व्हायलाच हवा. पण त्या माउलीला काय सांगावे, ते मला सुचले नाही.

आणीबाणीत, 1976 साली, जबलपूर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने बेकायदा अटकेविरुद्धही दाद मागण्याची वाट बंद केली. एकटे न्या. हंसराज खन्ना विरोधात उभे राहिले. पुढे त्यांना डावलून दुसऱ्यांना सरन्यायाधीश केले गेले. 1978 च्या 44व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेचे कलम 20 (मनमानी शिक्षेपासून संरक्षण) आणि 21 (जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्य) आणीबाणीतही अबाधित केले. जबलपूर खटल्यातला तो निकाल स्वतः न्यायालयाने 2017 मध्ये, खासगीपणाच्या खटल्यात, रद्द ठरवला.

मात्र त्याच दुरुस्तीतले तिसरे कलम आजही लागू नाही. स्थानबद्धतेला पुरेसे कारण आहे का, हे तपासणाऱ्या सल्लागार मंडळाच्या मताशिवाय स्थानबद्धता तीनऐवजी दोनच महिने, आणि मंडळाचा अध्यक्ष उच्च न्यायालयाचा विद्यमान न्यायाधीश, असे त्यात आहे. संसदेने ते मंजूर केले. लागू करण्याची तारीख तेवढी केंद्राने ठरवायची होती. त्यासाठी सरकारवर सक्ती करता येणार नाही, असे न्यायालयाने 1981 मध्ये ए. के. रॉय खटल्यात सांगितले. त्यानंतर सगळ्या रंगांची सरकारे येऊन गेली. कुणालाही हे कलम आठवले नाही, याची मला चीड येते.

आपल्या जिल्ह्यातील खासदारांनी लोकसभेत लेखी प्रश्न विचारावा की, हे तिसरे कलम केव्हा लागू करणार? पुढच्या 12 जानेवारीच्या आत उत्तर आले, तर ते आपण पहिल्या पानावर छापावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त टंकलेखक, सोलापूर