खताच्या पुडीवर मात्राही लिहा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

दसऱ्याच्या सुमारास घोडबंदर रस्त्यावरच्या रोपवाटिकांमध्ये शेवंती, झेंडू आणि गुलाबाच्या रोपांसाठी गर्दी होऊ लागते आणि घरी येणाऱ्या रोपाबरोबर खताची एखादी पुडीही पिशवीत पडते. त्या पुडीवर बहुधा काहीच लिहिलेले नसते. आपल्या पुरवणीतल्या बागेच्या सदरातही ‘दर पंधरा दिवसांनी खत द्यावे’ एवढेच वाचायला मिळते. किती द्यावे हे क्वचितच. या राहून गेलेल्या मात्रेमुळे घराघरांतली झाडे जळत आहेत, असे मला स्वतःच्या अनुभवावरून वाटते, म्हणून हे पत्र.

माझ्या पूर्वेकडच्या ग्रिलमध्ये दहा इंची कुंडीत मोगरा आहे. गेल्या चैत्रात एका विक्रेत्याने १९:१९:१९ या पाण्यात विरघळणाऱ्या खताची (नत्र म्हणजे नायट्रोजन, स्फुरद म्हणजे फॉस्फरस आणि पालाश म्हणजे पोटॅश, प्रत्येकी १९ टक्के) पुडी देऊन ‘दर आठवड्याला चमचाभर घाला’ असे सांगितले आणि मी शिगोशीग चमचा लिटरभर पाण्यात कालवून दर रविवारी इमानाने घालत गेले. तिसऱ्या आठवड्यात पानांची टोके करपली, मग कडा तपकिरी होऊन बोटांत चुरू लागल्या आणि टपोऱ्या झालेल्या कळ्या उमलण्याआधीच देठापासून गळू लागल्या. झाड उपाशी असावे या समजुतीने मी त्यात मोहरीच्या पेंडीचे पाणीही घातले. पुढे भिंतीला लोणा धरावा तसा पांढरा, खरखरीत थर कुंडीच्या काठावर दिसला, तेव्हा कुठे माझी चूक माझ्या लक्षात आली. शेजारच्या कुंडीतला कढीपत्ता तोवर हातचा गेला होता.

कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवले की त्यांना पाणी सुटते, हे आपल्याकडे लोणचे घालणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक आहे. रासायनिक खत हेही क्षारच असते आणि मातीतल्या पाण्यात त्याचे प्रमाण वाढले की मुळांना पाणी ओढून घेणे अवघड होते. ते फारच वाढले तर मुळांतलेच पाणी बाहेर पडू लागते. त्यामुळे माती ओली असूनही झाड तहानलेल्यासारखे माना टाकते आणि आपण त्याला आणखी पाणी, आणखी खत देत राहतो. जमिनीतल्या झाडाची मुळे दूरवर पसरू शकतात आणि पावसात जास्तीचे क्षार खाली वाहून जातात; कुंडीत मात्र मूठभर मातीत सारा हिशेब असतो. उन्हाने पाणी उडून जाते आणि क्षार मागे उरतात. ऑक्टोबरच्या उन्हात हे आणखी वेगाने होते, म्हणून पावसाळा संपल्यासंपल्या खताचा मारा करणाऱ्यांनी विशेष जपावे.

यावर उपाय आहे आणि तो साधा आहे. खत ताबडतोब थांबवावे, वरचा पांढरा थर मातीच्या पातळ पापुद्र्यासह खरवडून टाकावा आणि कुंडीच्या मापाच्या निदान दुप्पट साधे पाणी हळूहळू ओतून ते तळाच्या भोकातून पूर्ण निथळू द्यावे. माझ्या कुंडीला सुमारे वीस लिटर पाणी लागले. खालच्या मजल्यावरच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर ते पडू नये म्हणून मी कुंडी न्हाणीघरात नेऊन हे केले. कुंडीखाली ताटली असेल तर तीत साठलेले पाणी फेकून द्यावे, नाहीतर धुतलेले क्षार माती पुन्हा शोषून घेते. नवी पालवी धरेपर्यंत, म्हणजे महिना-दीड महिना, मी मोगऱ्याला खताचा कणही दिला नाही.

आता मात्रेविषयी. चहाच्या सपाट चमच्यात अशी पावडर साधारण पाच ग्रॅम मावते. कुंडीतल्या झाडाला लिटरला एक ग्रॅम, म्हणजे एक सपाट चमचा पाच लिटर पाण्याला, हे प्रमाण पंधरा दिवसांतून एकदा पुरेसे होते. मी दर आठवड्याला त्याच्या पाचपटीहून अधिक घालत होते. खत कोरड्या मातीत कधीच घालू नये, आधी साधे पाणी द्यावे. नुकत्याच बदललेल्या कुंडीतल्या आणि आजारी रोपाला तर ते मुळीच देऊ नये, कारण दुखावलेल्या मुळांना ते झेपत नाही.

जास्वंदीविषयी वेगळे सांगायला हवे. फुले यावीत म्हणून तिच्या बुंध्याशी डीएपी (डाय-अमोनियम फॉस्फेट) या खताचे दाणे टाकण्याची पद्धत आमच्याच सोसायटीत सर्रास आहे. डीएपीमध्ये १८ टक्के नत्र आणि ४६ टक्के स्फुरद असते आणि जास्वंदीला जादा स्फुरद सोसत नाही; त्यामुळे लोह आणि जस्त घेण्यात अडथळा येतो, शिरा हिरव्या राहून मधले पान पिवळे पडते आणि ते पाहून लोक भूक समजून आणखी दाणे टाकतात. नत्राचा अतिरेक झाला तर पाने लुसलुशीत होतात, फुले कमी येतात आणि कोवळ्या शेंड्यांवर मावा ही रस शोषणारी कीड बसते.

सेंद्रिय खत कितीही घातले तरी चालते, हा समजही खरा नाही. कच्चे शेण कुजताना उष्णता आणि अमोनिया सोडते, पेंडीचे दाट पाणी मुळांना बाधते. गांडूळखत सौम्य असते, तरी मूठ-दोन मुठी पुरतात.

झाडाची वाढ सर्वांत कमी मिळणाऱ्या गोष्टीवर अडते, हा नियम जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांनी एकोणिसाव्या शतकात लोकांपुढे आणला. ठाण्यातल्या दाटीवाटीच्या इमारतींत बाल्कनीतल्या झाडाला बहुतेक वेळा उन्हाची कमतरता असते. समोरच्या टॉवरमुळे दोनच तास ऊन मिळणाऱ्या गुलाबाला खत वाढवून फुले येणार नाहीत. त्याची जागा बदलावी लागेल किंवा त्या जागी सावलीत वाढणारे झाड लावावे लागेल.

खत (नियंत्रण) आदेश, १९८५ नुसार खताच्या मूळ पोत्यावर घटकांचे प्रमाण छापावे लागते. पोते फोडून पुड्या बांधल्या की ती माहिती पोत्यावरच राहते. खताचे नाव, घटकांचे प्रमाण, लिटरला किती ग्रॅम आणि किती दिवसांनी, एवढ्या चार ओळी चिठ्ठीवर लिहून पुडीला लावणे कोणत्याही रोपवाटिकेला अवघड नाही. ग्राहकांनी ती चिठ्ठी मागून घ्यावी आणि आपल्या सदरलेखकांनीही खताचा उल्लेख येईल तिथे मात्रा द्यावी, ही विनंती. गुलाबाची छाटणी आता सुरू होईल आणि छाटणीनंतर खताचा हात सर्वांत सैल सुटतो, तेव्हा हे पत्र त्याआधी छापावे.

आपली विश्वासू,
एक वाचक,
नौपाडा, ठाणे