सेमिनरीचा फॉर्म भरण्याआधी

प्रिय आशिष,

सलाम.

पाळक व्हायचंय म्हणून सेमिनरीचे, म्हणजे पाळकांच्या कॉलेजाचे, फॉर्म कधी निघतात, असं विचारलंयस. तारीख बघता येईल, पण त्या फॉर्ममध्ये मंडळीच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या सभासदांच्या, शिफारशीचं पान असतं आणि घोडं नेमकं तिथेच अडतं. आपल्या बाप्टिस्ट पंथात पाळकाला वरून कोणी नेमून पाठवत नाही. बिशप नाही, बदलीचा हुकूम नाही. मंडळी ऐकते, मंडळी मत देते, आणि नकोसा झालास तर मत देऊन घरीही बसवते. ‘मला पाचारण आहे’, म्हणजे देवानं या सेवेला बोलावलंय, हे तू म्हटलंस, की निम्मंच काम झालं. उरलेलं निम्मं मंडळीनं म्हणायचं असतं.

बाप्टिस्ट मिशनरी विल्यम केरी म्हटलं, की आपल्याला बंगालमधल्या श्रीरामपूरचा (सेरामपूरचा) छापखाना आठवतो, मराठीचं १८०५ सालचं व्याकरण आणि १८१० सालचा कोश आठवतो. पण हा जोडे शिवून पोट भरणारा माणूस १७८५ च्या जुलैत इंग्लंडमधल्या ओल्नीच्या मंडळीपुढे उपदेशाला उभा राहिला, तेव्हा मंडळीनं त्याला लगेच होकार दिला नाही. जिथे बोलतोयस तिथे बोलत राहा, आम्हाला पुन्हा ऐकव, पारख अजून व्हायचीय, असा ठराव झाला. होकार मिळाला १७८६ च्या ऑगस्टमध्ये. तुझंही वर्ष असंच जाईल असं धरून चाल.

आधी पाळकांना आणि डीकनांना, म्हणजे मंडळीच्या सेवकांना, खासगीत सांग. साक्षीच्या वेळी, म्हणजे उपासनेत आपला अनुभव सांगताना, एकदम सगळ्यांसमोर जाहीर करू नकोस. त्यांना ते परस्पर कळलं, की मनात अढी बसते. मग संडे स्कूल, आजाऱ्यांच्या भेटी, मयताच्या घरची प्रार्थना. त्यानंतर मंडळीपुढे उपदेश. एकच उतारा घे आणि पंचवीस मिनिटांत खाली उतर. नवखे उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत सगळं एकाच रविवारी सांगायला जातात आणि शेवटी कोणाच्याच लक्षात काही राहत नाही. मंडळीला पटलं तर उपदेशाची लेखी परवानगी मिळते. ती म्हणजे पाळकपदाची दीक्षा नव्हे. दीक्षा होते शिक्षणानंतर, एखाद्या मंडळीनं पाळक म्हणून बोलावल्यावर. तेव्हा शेजारच्या मंडळ्यांचे पाळक बसून तुला तारणाबद्दल, बाप्तिस्म्याबद्दल, प्रभुभोजनाबद्दल उलटसुलट विचारतात, आणि मग डोक्यावर हात ठेवून दीक्षा देतात. बोलावणाऱ्या मंडळीत मतं जेमतेम निम्म्याहून जास्त पडली, तर जाऊ नकोस. उरलेले लोक पहिल्या दिवसापासून तुझ्यासमोर हाताची घडी घालून बसतील.

शिक्षणासाठी पुण्यातली बिबवेवाडीची युनियन बिब्लिकल सेमिनरी जवळची. यवतमाळहून पुण्यात आलेली हीच ती संस्था. पदवी सेरामपूरच्या सिनेटची. केरी आणि त्याचे सोबती मार्शमन आणि वॉर्ड यांनी १८१८ मध्ये काढलेल्या कॉलेजाला १८२७ साली डेन्मार्कच्या राजानं पदव्या देण्याची सनद दिली, ती परंपरा. पदवीनंतर बी.डी.ला (बॅचलर ऑफ डिव्हिनिटीला) चार वर्षं लागतात. हिब्रूची मुळाक्षरं जाण्याआधीच घटवून ठेव. पहिल्या वर्षी मुलांचा दम तिथेच निघतो.

माणसाला पाण्यात पूर्ण बुडवून बाप्तिस्मा कसा द्यायचा, हे मात्र वर्गात बसून येत नाही, पाण्यात उतरूनच येतं. पाणी कमरेइतकं हवं. गुडघ्याइतक्या पाण्यात माणूस पूर्ण बुडत नाही आणि तुझी पाठ धरते. झगा गडद, जाड कापडाचा घ्यावा, खालच्या शिवणीत वजन घालावं, नाहीतर तो फुगून वर तरंगतो. ज्याचा बाप्तिस्मा आहे त्याला आदल्या दिवशी कोरड्या जमिनीवर उभं करून शिकव : हात छातीशी, एका हातात रुमाल नाकावर, गुडघे थोडे वाकवलेले. गुडघे ताठ ठेवले, की पाय सरकतात आणि माणूस धडपडतो. तुझा एक हात त्याच्या पाठीला, खांद्यांच्या मधोमध, आणि दुसरा त्याच्या हातांवर. नदी असेल तर डोकं प्रवाहाच्या वरच्या अंगाला जाईल असं निजव. नाकात पाणी कमी जातं आणि उठवताना प्रवाहाचीच मदत होते. पावसाळ्यात नदीचं नाव काढू नकोस. आणि चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या हौदात उभा असताना माइकला हात लावायचा नाही. २००५ मध्ये टेक्सासमधल्या वेको गावी एक बाप्टिस्ट पाळक हौदातून माइक धरायला गेला आणि विजेच्या धक्क्यानं गेला.

लग्न लावण्याआधी १८७२ चा भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा वाचून ठेव. बिशपच्या हातून दीक्षा झालेल्यांना वेगळा परवाना लागत नाही, आपल्या पाळकांना लागतो. दीक्षा झाली म्हणजे लग्न लावायची मुभा मिळाली, असा अनेकांचा गैरसमज असतो. विनापरवाना लग्न लावलं तर कलम ६८ खाली दहा वर्षांपर्यंतची शिक्षा आहे. वेळही ठरलेली, सकाळी सहा ते संध्याकाळी सात. वरात उशिरा आली म्हणून पाहुण्यांच्या भिडेपोटी साडेसातला लग्न लावू नकोस.

आता पैसा. पाळक उपदेशामुळे सहसा जात नाहीत, हिशेबामुळे जातात. दानार्पण दोघांनी मोजायचं, तेही एकमेकांच्या नात्यातले नसलेल्या दोघांनी, उपासना संपल्या संपल्या, तिथेच टेबलावर. नोटा किती, नाणी किती, पाकिटं किती, हे कागदावर लिहून दोघांच्या सह्या, आणि दुसऱ्या दिवशी रक्कम बँकेत. तू मोजू नकोस, चेकवर सही करू नकोस, दानाची पेटी एका रात्रीपुरतीही घरी नेऊ नकोस. मंडळीची नोंदणी सार्वजनिक न्यास कायद्याखाली असेल, तर विश्वस्त बदलल्यावर ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. कंटाळा करून तो राहून जातो, आणि दहा वर्षांनी मेलेल्या माणसांची नावं कागदावर विश्वस्त म्हणून असतात. आवाराची जमीन विकायचं कोणी काढलं, तर धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय ते होत नाही, एवढं सभेत सांगून मोकळा हो.

समाजाचं पुढारीपण करायचंय, असंही तू लिहिलंयस आणि मार्टिन ल्यूथर किंगचं नाव घेतलंयस. १९५४ मध्ये तो अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात माँटगोमेरीच्या डेक्स्टर अॅव्हेन्यू मंडळीचा पाळक झाला, आणि ५ डिसेंबर १९५५ ला, काळ्यांना बसमध्ये वेगळं बसवण्याविरुद्ध झालेल्या बसबहिष्काराच्या संघटनेचा अध्यक्ष. वय २६. गावात नवा होता, त्यामुळे जुन्या भांडणांत कोणाच्याच बाजूचा नव्हता, हेही निवडीचं एक कारण होतं. भाषणं सगळ्यांना माहीत असतात. पण बहिष्कार ३८१ दिवस चालला तो गाड्यांवर : कोणाची गाडी, कुठला थांबा, किती वाजता, पेट्रोलचे पैसे कोण देणार. मंडळ्यांच्या नावावर गाड्या घेतल्या, तर विमा कंपन्यांनी विमे रद्द केले. शेवटी लंडनच्या लॉइड्सकडून विमा मिळवावा लागला. पुढे १९६० मध्ये अलाबामा सरकारनं त्याच्यावर कराचा खटला भरला. त्याच्या डायऱ्यांत प्रवासखर्चाच्या बारीकसारीक नोंदी होत्या, त्या कामी आल्या, आणि सगळ्या गोऱ्या ज्यूरीनं त्याला निर्दोष सोडलं.

तुझ्याकडे रोजखर्चाची वही नाही, हे मला ठाऊक आहे. एक घे.

दिवाळीत येशील तेव्हा बाप्तिस्म्याचा दाखला आणि पदवीच्या गुणपत्रिकांच्या दोन-दोन प्रती घेऊन ये. रविवारी उपासनेनंतर मोजणीच्या टेबलाशी थांब. मोजायचं नाही, नुसतं बघायचं.

तुझी,
आई