फादर, तुमचा चहा राहिलाय

फादर,

तुमचं नाव इथे टाकत नाही, तुम्हाला आवडणार नाही हे माहितीये. पण वाचलंत तर कळेलच, जुलैमधली ती पावसाची रात्र, हॉस्पिटलचा दुसरा मजला, खिडकीजवळच्या बेडवर आमची आई.

आधी थोडी भडास काढतो, राग मानू नका. ऑपरेशनआधी येऊन आईला तेल लावा म्हणून तुमच्या आधी मी ज्या फादरांना फोन केला ते आमच्या चांगल्या ओळखीतले, घरी जेवून गेलेले. म्हणाले, हॉस्पिटल आमच्या पॅरिशमध्ये, म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीत, येत नाही, सकाळी ऑफिस उघडलं की फोन करा. आईचं ऑपरेशन सकाळी सातला होतं! फॅमिली ग्रुपवर मेसेज टाकला तर धडाधड हात जोडलेले इमोजी, आमेन आमेन, आणि यायला एकटी मावशी, बाकी सगळ्यांकडे पाऊस. तुमचा नंबर दिला तो वॉर्डातल्या नर्सने, ती स्वतः ख्रिश्चनसुद्धा नाही. मी कुठल्या पॅरिशचा, कुणाचा कोण, काही नाही, तुम्ही फक्त बेड नंबर विचारलात.

पाऊण तासात आलात, रेनकोटमधून पाणी गळतंय, आणि तुम्हाला बघून मावशी रडायलाच लागली. आमच्या वसईकडे जुन्या लोकांच्या डोक्यात अजून तेच आहे की फादर तेल घेऊन आला म्हणजे माणूस गेला. खरं तर 1972 मध्येच पोप पॉल सहावे यांनी तो विधी बदलला, तेल फक्त मरणाऱ्याला नाही, गंभीर आजाऱ्याला, मोठ्या ऑपरेशनच्या आधी, आणि गरज पडली तर परत परतही घेता येतं, पण पन्नास वर्षं झाली तरी ही बातमी मावशीपर्यंत पोचलेली नाही. तुम्ही तिला लेक्चर नाही दिलंत. "मावशी, हे बरं व्हायचं तेल आहे," एवढंच म्हणालात. ती गप्प.

मग तुम्ही गळ्यात स्टोल, म्हणजे विधीचा तो लांब पट्टा, घातलात, खिशातून ती छोटीशी डबी काढलीत, झाकण फिरवलंत, आत तेलात भिजलेला कापूस. हात आईच्या डोक्याकडे नेलात आणि मध्येच थांबलात. एका हाताची बोटं दुसऱ्या हाताने चाचपून बघितलीत. गारठली होती पावसात. मी तुमच्यासाठी खालून चहा आणून ठेवला होता, काचेच्या ग्लासात, तो उचललात आणि दोन्ही तळव्यांत धरून उभे राहिलात. मला वाटलं पिताय. नाही. आधी तळवे शेकलेत, मग बोटं, मग हातांची मागची बाजू, अगदी घाई नाही, आणि ग्लास खिडकीत ठेवून मग ते हात आईच्या डोक्यावर ठेवलेत. तेव्हा फादर काहीच बोलत नाहीत ना, विधीच तसा आहे, तेवढा वेळ फक्त पावसाचा आवाज आणि बाजूच्या पेशंटचं मशीन. दुपारपासून आईच्या कपाळावर आठी होती, ती गेली. मग कपाळाला तेल, मग दोन्ही तळहातांना, आणि लहानपणी चर्चमध्ये लॅटिन मिस्सेत काही न कळता आमेन म्हणणारी आमची आई तुमच्या मराठी प्रार्थनेला एवढ्या जोरात आमेन म्हणाली की नर्स बघायला आली.

आता कॅटेकिझममध्ये, म्हणजे धर्मशिक्षणात, आम्ही शिकलोय की संस्कार, म्हणजे असे विधी, फादरच्या चांगुलपणावर चालत नाहीत. संत ऑगस्टीन याच मुद्द्यावर डोनेटिस्ट लोकांशी, म्हणजे पापी फादरने दिलेला संस्कार खरा नाही म्हणणाऱ्यांशी, भांडले, देणारा कसाही असो, देतो तो ख्रिस्त. मान्य. म्हणजे ते पहिले फादर आले असते तरी आशीर्वाद तोच, तेलही तेच, पवित्र सप्ताहात बिशपनी आशीर्वादित केलेलं. पण आले असते तर ना!

आई ओळखीतल्या प्रत्येक नव्या फादरच्या दीक्षाविधीला जाते आणि नंतर रांगेत उभी राहून त्याच्या तळव्यांचं चुंबन घेते, कारण त्या तळव्यांना बिशपनी तेल लावलेलं असतं. मला लाज वाटायची, म्हणायचो हात काय, हातासारखे हात. त्या रात्री खिडकीशी उभा राहून तुमच्या हातांकडे बघत होतो तेव्हा तिची ती रांग आठवली, बाकी काही लिहीत नाही त्यावर.

आई घरी आलीये. भेटायला येणाऱ्यांना ऑपरेशनचं काही सांगत नाही, टाके किती, खर्च किती, काही नाही, "पोराने हात शेकून घेतले हो आधी" एवढंच सांगते. तुम्ही चाळिशीचे असाल, पण तिच्यासाठी पोरच.

तुम्ही गेल्यावर तो ग्लास खिडकीतच होता, वर साय धरलेली. मीच प्यालो, गारढोण. तेव्हा तुमचा एक चहा आमच्याकडे बाकी आहे, कधीही या, फक्त रविवारी दुपारी नको, तेव्हा आई झोपते आणि तुम्ही येऊन गेलात हे नंतर कळलं तर मला घरात ठेवणार नाही.