आत्याबाई, तुमच्या त्या वहीसाठी

आत्याबाई, शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र नातू तुम्हाला वाचून दाखवेल. चारचौघांत लिहितेय, कारण मी सरपंच झाले त्या निकालाच्या दिवशी गुलाल उधळला, हार पडले, चौकात फ्लेक्स लागला, आणि त्या फ्लेक्सवरच्या एवढ्या फोटोंत तुमचा नव्हता. मला ते तेव्हाच खटकायला हवं होतं. "माझं नाव कुठं घालू नको" म्हणालात, म्हणून नाव घालत नाही. वाडीवर सगळ्यांना कळेलच.

डिसेंबर 2022. राज्यातल्या 7,751 ग्रामपंचायतींचं मतदान 18 तारखेला होतं आणि सरपंच पुन्हा थेट जनतेतून निवडायचा होता. आपलं सरपंचपद महिलेसाठी राखीव निघालं. समोरच्या पॅनलकडे गाड्या होत्या, माणसं होती, कैक निवडणुकांचा सराव होता. माझ्याकडे बी. एस्सी.ची पदवी आणि छापून आणलेलं पत्रक. आमच्या घरातून आजवर कुणी अर्जसुद्धा भरलेला नव्हता. त्यात बालाघाटाच्या आपल्या डोंगरपट्ट्यात डिसेंबरात मतदान म्हणजे काय, ते बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. दिवाळी झाली की निम्मं गाव कोयता घेऊन ऊसतोडीला सांगली, कोल्हापूर, कर्नाटकात कारखान्यांना जातं, ते मार्च-एप्रिलपर्यंत परत येत नाही. यादीत नाव इथं, माणूस फडात. घरी म्हातारी माणसं, पोरं आणि दाराला कुलपं.

तुमच्या ओसरीवर मी आले तेव्हा तुम्ही बाजरी पाखडत होता. मी 'सर्वांगीण विकास'पासून सुरुवात केली. ऊसतोड बायकांचा विषयही तयार होता. 2019 साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं आपल्या बीड जिल्ह्यातल्या गर्भाशय काढलेल्या बायकांची चौकशी केली होती, ते सगळं मी वाचून, पाठ करून आले होते. तुम्ही शेवटपर्यंत ऐकून घेतलंत. मग सूप खाली ठेवलंत आणि विचारलंत, "आपल्या वाडीवर किती जणींची पिशवी काढलीय, म्हाईत हे का तुला?"

मला माहीत नव्हतं. लग्न होऊन या गावात नऊ वर्षं झाली होती मला.

तुम्ही बोटांवर मोजायला लागलात. नावं घेतली नाहीत, घरं सांगितलीत. चिंचेजवळच्या घरात दोघी. टाकीमागं एक. एकेका घराशी थांबत होता. तेव्हा तिचं वय काय होतं, पोरं केवढी होती, दवाखान्यासाठी टोळीच्या मुकादमाकडून किती आगाऊ उचल घेतली, ती फेडायला किती हंगाम गेले. दोन्ही हातांची बोटं संपली तेव्हा पुन्हा अंगठ्यापासून सुरू केलंत, आणि शेवटचं बोट स्वतःच्या छातीला लावलंत. मग परत सूप उचललंत. त्या संध्याकाळपासून मी ते पत्रक वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही ती वही काढलीत. शाळेची दुरेघी, कडा दुमडलेली. तुम्हाला लिहिता-वाचता येत नाही, म्हणून तोडीला गेलेल्यांच्या प्रत्येक फोन नंबरापुढं नातवाकडून चित्र काढून घेतलेलं. बैलजोडी म्हणजे गाडीवाली टोळी. ट्रॅक्टर म्हणजे खालच्या आळीची. झोळी म्हणजे फडातच बाळंत झालेली पोरगी. नऊ टोळ्या त्या एका वहीत होत्या. रात्री आठच्या आत कोपीवर, फडाजवळच्या झोपडीत, कुणी सापडत नाही, म्हणून फोन आठनंतर लावायचे, हेही तुम्हीच शिकवलंत. पहिली पाच मिनिटं निवडणुकीचा शब्दसुद्धा नाही. ऊस उभा हे का पडलेला, पोराचा खोकला गेला का, सासू जेवती तुझी, घोर करू नको. मग "घे, सूनबाईशी बोल" म्हणून फोन माझ्या हातात द्यायचात.

त्यातली एक जण मला म्हणाली, "ताई, यायला एक दिवस, जायला एक दिवस. दोन दिवसांचा खाडा पडतो. मुकादम कापून घेतो. त्याचं काय?"

शेजारी बसलेल्या दिरांनी हळूच सुचवलं, देऊ म्हणा. तुम्ही मान हलवलीत. फोनवर हात ठेवून म्हणालात, "खाडा भरून देते म्हणू नको. देणारे देतेत. तू दिलास की उद्या तिला तुला इचारायची सोय राहत न्हाई."

आत्याबाई, या एका वाक्याचे आभार कसे मानायचे, मला अजून कळलेलं नाही. सरपंच झाल्यावर कुणाला काही द्यायची किंवा कुणाकडून काही घ्यायची वेळ आली की तेच वाक्य कानात असतं.

मी तिला सरळ सांगितलं, पैसे देता येणार नाहीत. दोनच कामं सांगितली. ऊसतोड कामगारांची नोंदणी आणि ओळखपत्रं ग्रामसेवकामार्फत होतात, ती करून घेईन. आणि पोरांच्या हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव गाड्या निघायच्या आत पाठवायला लावीन. ती "बघते" म्हणाली आणि फोन बंद झाला.

मतदानाच्या दिवशी पहाटे चारला टेम्पो आला. दोन टोळ्या, आपापसांत पैसे गोळा करून आलेल्या. ती त्यात होती. मत देऊन बाहेर आल्यावर तिनं मला बोट दाखवलं. पाचटानं चिरलेलं होतं, शाई त्या चिरांत उतरली होती. संध्याकाळी त्याच टेम्पोनं ती परत गेली. सात टोळ्या येऊ शकल्या नाहीत. त्यांना मी काय म्हणणार?

20 तारखेला मी 23 मतांनी निवडून आले. दुसऱ्या दिवशी पाया पडायला आले, तर तुम्ही पेढा हातात धरूनच विचारलंत, "वसतिगृहाचा कागद कधी करायलीस?"

त्या वर्षीचा हंगाम हातचा गेला होता. पुढच्या दसऱ्याआधी प्रस्ताव गेला. ओळखपत्रं झाली, सगळ्यांची नाहीत. काही घरांची कागदपत्रंच जुळत नाहीत, त्यांच्यामागं अजून लागले आहे. नळाचं पाणी तुमच्या वाडीवर अजून रोज येत नाही, आणि महिला ग्रामसभेत तुम्ही उभ्या राहून ते मला विचारता. याआधी तुम्ही पंचायतीच्या आत कधी पाऊल टाकलं नव्हतंत, असं सासूबाई सांगतात. आता पुढच्या रांगेत बसता. त्याबद्दलही तुमची ऋणी आहे.

यंदा दोन नव्या टोळ्या बांधल्यात असं ऐकलं. त्यांचे नंबर अजून वहीत नसतील. रविवारी येते. नंबर मी लिहिते, चित्रं नातूच काढू दे.

तुमची,
गावची सून