दृढीकरणाच्या यादीत तुझे नाव

जालना

चि. कन्येस,
अनेक आशीर्वाद आणि ख्रिस्तात सप्रेम सलाम.

तुझे पत्र पोहोचले. दृढीकरणाच्या, म्हणजे बाळपणी बाप्तिस्मा झालेल्याने मोठेपणी स्वतः विश्वास कबूल करण्याच्या विधीच्या, वर्गासाठी तुझे नाव द्यावे काय, असे मी विचारले होते. त्यावर तू लिहिलेस की, तान्ही असताना तुला पाळकसाहेबांच्या हाती दिले तेव्हा कोणी विचारले नाही, आणि आता विचारतो आहोत तेही होकारच यावा अशा अपेक्षेने. पुढे त्याहून अवघड प्रश्न घातलास : देवाला सारे आधीच ठाऊक असेल, तर माणसाची निवड खरी कशी मानायची? दोन्ही प्रश्न तू मनापासून विचारले आहेस, म्हणून फोनवर न बोलता सवडीने लिहायला बसलो आहे.

आपल्या मंडळीत बाळाचा बाप्तिस्मा होतो, तो बाळाने काही ठरवले म्हणून नव्हे. देवाची प्रीती आपल्या होकारासाठी खोळंबून राहत नाही, ती आधीच आलेली असते, एवढेच त्यात आम्ही कबूल केले. योहानाच्या पहिल्या पत्रात हेच आहे : त्याने प्रथम आपल्यावर प्रीती केली, म्हणून आपण प्रीती करतो. दृढीकरणाच्या वेळी मात्र आईबापांना तुझ्या वतीने बोलता येत नाही. तेथे तुलाच बोलावे लागते, आणि जे मनात नाही ते तू बिशपांसमोर बोलू नयेस, असे मला फार वाटते.

जालन्याजवळचे बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवणारे रेव्हरंड नारायण शेषाद्री यांचे नाव तू शब्बाथ शाळेपासून ऐकत आली आहेस. त्यांनी १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, हे आपण अभिमानाने सांगतो. त्यांच्या धाकट्या भावाचे, श्रीपतचे, काय झाले ते मात्र फारसे सांगत नाही. तो पोरगाही मिशनऱ्यांकडे जाऊन राहिला होता. वडिलांनी न्यायालयात दाद मागितली आणि मुलगा अजून कायद्याने सज्ञान झालेला नाही म्हणून न्यायालयाने त्याला वडिलांच्या ताब्यात दिले. मग मिशनऱ्यांच्या घरी राहिलेल्या मुलाला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे की नाही, यावरून मुंबईत मोठा वाद पेटला, आणि त्याला परत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकर ठामपणे उभे राहिले. कोण बरोबर आणि कोण चूक, याचा निवाडा मी करीत नाही. मला त्या मुलाची कणव येते, कारण ज्याने त्याने आपापला हक्क सांगितला आणि तो मात्र या हातातून त्या हातात जात राहिला. माझ्या मुलीचे नाव यादीत घालताना मला तो आठवतो.

आता प्रभू येशू स्वतः कसा वागला ते पाहा. मार्काच्या दहाव्या अध्यायात एक श्रीमंत मनुष्य धावत येऊन त्याच्यापुढे गुडघे टेकतो आणि सार्वकालिक जीवनाची वाट विचारतो. तेथे लिहिले आहे की, येशूने त्याच्याकडे न्याहाळून पाहिले व त्याच्यावर प्रीती केली; आणि तेवढ्यावरच, सर्व विकून माझ्यामागे ये, असे सांगितले. तो मनुष्य खिन्न होऊन निघून गेला. येशूने त्याला हाक मारून परत बोलावले नाही, अट सैल केली नाही, त्याला धाक घातला नाही. त्याच्यावर प्रीती केली, हे वाक्य त्याच्या नकाराच्या आधी आले आहे आणि नकारानंतर कोणी ते मागे घेतलेले नाही. स्वातंत्र्याविषयीचे ख्रिस्ती शिक्षण मला याहून स्पष्ट कोठे सापडलेले नाही. देवाला आज्ञापालनच हवे असते, तर त्याच्या सामर्थ्याला ते अवघड नव्हते. त्याला प्रीती हवी होती, आणि जिला नाही म्हणण्याची मोकळीक नाही ती प्रीती नसून केवळ ताबेदारी होय.

पण निवड म्हणजे आयुष्यात एकदाच हात वर करणे, असेही समजू नकोस. तुझ्या चुलत आजोबांनी बांध कोरून आपल्या वावराची एक पट्टी आत घेतली होती, हे तू घरात ऐकले आहेस. पुढे त्यांना अर्धांगवायू झाला आणि त्यांच्या मुलांनी पाठ फिरवली, तेव्हा तुझ्या आजीने त्यांना आपल्या ओसरीवर आणले. ती ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून, त्यातला पापुद्र्याचा कडक भाग वेचून बाजूला ठेवून, त्यांना भरवीत असे. लोक म्हणत, तिचा स्वभावच मऊ. मी जवळून पाहिले आहे, तो मऊ नव्हता. ताटली हातात घेतल्यावर ती रोज उंबऱ्याशी क्षणभर थांबे, तिचे ओठ हलत, आणि मग ती आत जाई. जमिनीचा दावा तिने सोडला नाही. तो तिचा हक्क होता. पण त्या माणसावर प्रीती करायची की नाही, हे तिला रोज नव्याने ठरवावे लागत होते, आणि कधी कधी ती तशीच मागे वळून माझ्या हाती ताटली देई.

म्हणूनच निवड सर्वस्वी आपल्या बळावर होते, असेही मी म्हणणार नाही. पाचव्या शतकात पेलागियस नावाच्या ख्रिस्ती उपदेशकाने तसे मांडले आणि बिशप ऑगस्टीनने त्याला कसून विरोध केला. आपली इच्छाच दुखावलेली आहे, कृपेने तिला आधी उभे करावे लागते, असे ऑगस्टीनचे म्हणणे होते. पौलाने रोमकरांस लिहिलेच आहे की, जे चांगले करावेसे वाटते ते माझ्या हातून होत नाही. ती कृपा नाकारता येते की नाही, यावर पुढे नेदरलँड्समधील डॉर्ट येथे १६१८-१९ साली भरलेल्या धर्मपरिषदेत कडाक्याचा वाद झाला. तेथे ती अखेर देवाने निवडलेल्यांना जिंकतेच, असा निर्णय झाला. अठराव्या शतकात मेथडिस्ट पंथाचा प्रवर्तक जॉन वेस्ली मात्र ती सर्वांना मिळते आणि नाकारताही येते, असे शिकवीत राहिला. मी वेस्लीच्या बाजूचा आहे, कारण तो श्रीमंत मनुष्य खरोखरच निघून गेला होता.

देवाच्या सर्वज्ञतेविषयी रोमी तत्त्वज्ञ बोएथियसने सहाव्या शतकात तुरुंगात बसून दिलेले उत्तर मला पटते. देव आपल्या काळात बसून पुढचे भाकीत करीत नाही. आपला काल, आज आणि उद्या हे सारे त्याच्यासमोर एकदमच आहे. तू निवडतेस म्हणून तो ते पाहतो. तो पाहतो म्हणून तुला ते निवडावे लागते, असे नाही. एवढ्याने तुझी शंका पुरती फिटणार नाही, आणि ती दाबून टाक असे मी सांगणारही नाही.

पाळकसाहेबांना मी कळवले आहे की, मुलगी स्वतः लिहील तेव्हाच नाव धरावे. कापसाची वेचणी आटोपल्यावर वर्ग सुरू होतील. यंदा नको वाटले तर तसे कळव, आणि काहीच कळवावेसे वाटले नाही, तरी नाताळाला घरी ये. आईने करंज्यांचे खोबरे आताच आणून ठेवले आहे.

तुझे पप्पा