बाबा, लॅपटॉपवरचा शब्दकोश आधी उचला

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

काल रात्री फोनवर माझा आवाज चढला. आई, तू घाबरलीस ते मला जाणवलं, म्हणून आज दुकानाचं शटर ओढल्यावर इथेच टेबलाशी बसून नीट लिहितेय. पार्सलमध्ये बाकीच्या वस्तू आहेत, पण आधी हे वाचा.

बाबा, तुम्ही बोलता बोलता म्हणालात, "टचपॅड दाबलंच जात नाही, झाकणही वर राहतं, म्हणून रात्री वर शब्दकोश ठेवतो." तेवढ्यावरूनच मला कळलं. तुमच्या मॉडेलमध्ये टचपॅडच्या खालीच बॅटरी आहे. ती फुगली की टचपॅडला खालून रेटते. आज सकाळीच माझ्याकडे असा एक लॅपटॉप आला. मागचं झाकण काढलं, तर एरवी वहीच्या पुठ्ठ्यासारखी चपटी असणारी ती चंदेरी पाकिटं, त्यातली दोन पुरीसारखी टम्म. खालचा गोंद प्लास्टिकच्या पट्टीने सोडवायलाच अर्धा तास गेला. घाई करून तिथे धातूचं टोक लागलं तर पाकीट फाटतं.

तुम्ही डेपोत चाळीस वर्षं बॅटऱ्या हाताळल्या, म्हणून तुम्हाला तिथलंच सांगते. बसच्या बॅटरीतही गॅस तयार व्हायचा, पण तो बुचाच्या भोकातून निघून जायचा आणि तुम्ही वरून डिस्टिल्ड वॉटर घालायचात. लॅपटॉपची लिथियमची बॅटरी चारही बाजूंनी बंद. वय झालं, उष्णता लागली, चार्जर दिवसरात्र लावून ती कायम १०० टक्क्यांवर राहिली, की आतलं रसायन बिघडतं आणि त्याचा गॅस आतच कोंडतो. त्यावर शब्दकोशाचं वजन ठेवलं की आतल्या थरांमधला पातळ पडदा फाटू शकतो. थर एकमेकांना भिडले की शॉर्ट होतो आणि पेट घेतो. म्हणून मी ओरडले, बाबा.

शनिवारी सकाळी मी पोचतेच. तोवर लॅपटॉप बंद, चार्जर भिंतीपासूनच काढलेला. पलंगावर किंवा कपाटात नको, पडवीतल्या लादीवर ठेवा, पडद्यापासून आणि उन्हापासून लांब. जवळ काही ठेवू नका, वर तर नाहीच. "एकदाच लावून बघतो" असंही नको. त्यातून फसफस ऐकू आली, उग्र वास आला किंवा धूर दिसला, तर उचलायला जाऊ नका, दोघंही घराबाहेर पडा आणि १०१ ला फोन करा. आणि बाबा, तुमची स्क्रू ड्रायव्हरची पेटी मला माहीत आहे. ती यावेळी उघडायची नाही. बाकी कुठलंही मशीन तुम्ही उघडलंत तर मी शेजारी बसून शिकेन, पण हे नाही.

शनिवारी झाकण उघडलं की पहिल्यांदा बॅटरीचा कनेक्टर सोडवायचा, मग बाकी सगळं. जुनी बॅटरी मी परत पुण्याला नेणार आहे. ती घंटागाडीत टाकायची नाही, ई-कचरा घेतात तिथेच द्यायची. नवी बसवताना स्क्रू तुम्ही लावा. "आधी हाताने दोन आटे, मग पाना" हे तुमचंच शिकवणं मी दुकानातल्या मुलांना सांगते. उघडलंच आहे तर पंखाही साफ करू. आवाज वाढलाय आणि तळ तापतो म्हणताय, तर जाळीत धुळीचा नमदा झाला असणार. ब्रशने काढायचा, आणि हवा मारताना पाती टूथपिकने अडवून धरायची, नाहीतर पंखा नको इतक्या जोरात फिरतो. प्रोसेसरवरची, त्याची उष्णता बाहेर नेणारी पेस्ट वाळली असेल तर तीही बदलेन.

आई, तू सांगितलंस की लॅपटॉपला हात लावला की मुंग्या येतात. तो तुझा भास नाही. चार्जरची पिन तीन पायांची आहे आणि तुम्ही ती दोन पायांच्या जोडणीत खुपसलीय, म्हणून अर्थिंग मिळत नाही. स्वयंपाकघरातल्या सॉकेटला अर्थिंग आहे का ते टेस्टरने नव्हे, वायरमनकडून बघून घ्या. आणि तारीख दरवेळी मागे जाते, बँकेची साइट उघडत नाही, त्याचं कारण बहुधा आतला नाण्याएवढा ३ व्होल्टचा सेल. घड्याळ तोच चालवतो. तारीख चुकली की साइटचं सुरक्षेचं प्रमाणपत्र लॅपटॉपला खोटं वाटतं. तसा नवा सेलही पार्सलमध्ये आहे.

नवी बॅटरी बसली की सेटिंगमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवून देईन. पुढे कधी सुरूच झाला नाही तर मला फोन करण्याआधी चार्जर काढून पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरा, मग फक्त चार्जर लावून बघा. पडदा काळा असेल तर कॅप्स लॉक दाबा. दर वेळी दाबल्यावर त्याचा दिवा लागत-विझत असेल तर मशीन जिवंत आहे, बिघाड बहुधा पडद्याचा. तेवढं सांगितलंत तरी माझं अर्धं काम झालं.

आता फोटो. खरं तर काल मी घाबरले ते त्यांच्यासाठीही.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी आपल्या घरात शिरलं, तेव्हा लाकडी कपाटाच्या खालच्या खणातले अल्बम भिजले. आई, तू एकमेकांना चिकटलेले फोटो स्वच्छ पाण्याच्या परातीत ठेवून एकेक सोडवलेस आणि दोरीला चिमटे लावून वाळवलेस. आजीच्या नऊवारीवरचा रंग तुझ्या बोटाला लागला होता. वाचले ते बाबांनी पुढच्या हिवाळ्यात एकेक स्कॅन केले. ते सगळं आता एकाच लॅपटॉपच्या एका डिस्कवर आहे. ती डिस्क एसएसडी आहे, म्हणजे सगळं चिपवर साठवणारी. तिला फिरणारा भाग नसतो, त्यामुळे जुन्या हार्डडिस्कसारखी खटखट ऐकू येत नाही. जायची असली की बऱ्याचदा काही न कळवता जाते.

म्हणून शनिवारी बॅटरी निघाली की लगेच डिस्क बाहेर काढून माझ्या लॅपटॉपला जोडेन आणि सगळं दोन एक्स्टर्नल ड्राइव्हवर उतरवेन. एक तुमच्याकडे राहील, वरच्या फळीवर. दुसरा माझ्याकडे पुण्यात. चिपळूणच्या पाण्याने एकाच दिवसात दोन्ही नेऊ नयेत एवढीच माझी इच्छा आहे. दर दिवाळीला मी आले की दोन्ही ड्राइव्ह जोडून नवं त्यात भरू.

बाबा, फोटोंची नावं लिहिलेली ती वही शोधून ठेवा. १९७८ च्या डेपोच्या फोटोत डावीकडून तिसरे कोण, ते अजून कोरंच आहे. या वेळी तुम्ही सांगा, मी टाइप करते.

तुमची,
ताई